एका प्रश्नाचे चार भाग: पहिला चुकला तर पुढच्यांचं काय?

तुमची अडचण थोडक्यात अशी: ऑनलाइन चाचणीत गणिताचा एकच प्रश्न तीन-चार भागांत विचारायचा आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला आकडे वेगळे हवेत. पहिल्या भागात चूक झाली म्हणून पुढचे सगळे गुण जाऊ नयेत. मूडल या ऑनलाइन शिक्षण-प्रणालीतला क्लोझ (रिकाम्या जागांचा) प्रकार तुम्ही वापरून पाहिलात, पण त्यात हे बसलं नाही. तर कुठलं साधन घ्यावं आणि प्रश्न कसा बांधावा?

साधनाचं आधी सांगते, कारण ते लवकर संपतं. क्लोझमध्ये एका मजकुरात हव्या तितक्या रिकाम्या जागा ठेवता येतात, पण आकडे बदलत नाहीत आणि प्रत्येक जागा स्वतंत्रपणे तपासली जाते. दुसऱ्या जागेला पहिलीत काय लिहिलंय याचा पत्ताच नसतो. म्हणजे तुमचं काही चुकलं नव्हतं, ते त्या प्रकारात होतच नाही. मूडलच्याच कॅल्क्युलेटेड प्रकारात आकडे बदलतात, पण उत्तर एकच. उत्तरं निव्वळ संख्या असतील तर फॉर्म्युलाज नावाचं प्लगिन चांगलं काम देतं, त्यात भाग पाडता येतात आणि आकडेही बदलतात. उत्तर म्हणून बीजगणितातली राशी किंवा समीकरण हवं असेल तर मी स्टॅक सुचवीन, तेही मूडलला जोडता येणारं प्रश्नसाधन आहे. मूडल नसेल तर न्यूकॅसल विद्यापीठाचं नंबास पाहा, किंवा रॉचेस्टर विद्यापीठात सुरू झालेलं वेबवर्क पाहा. नंबासमध्ये आधीच्या भागातलं विद्यार्थ्याचं उत्तर पुढच्या तपासणीत वापरण्याची सोय मुळातच आहे. वेबवर्कमध्ये आधीचा टप्पा सुटल्यावर पुढचा उघडेल अशी रचना करता येते.

मी स्वतः स्टॅकवर काम करते, म्हणून उदाहरणं त्यातली देते. ख्रिस सँग्विन यांनी २००४ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात असताना ते सुरू केलं. त्याच्या पोटात मॅक्सिमा ही संगणकीय बीजगणिताची प्रणाली आहे. एमआयटीमध्ये १९६०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या मॅक्सायमा (Macsyma) या प्रणालीची ती वंशज. त्यामुळे उत्तर अक्षराला अक्षर लावून तपासलं जात नाही. विद्यार्थ्याची राशी आणि तुमची राशी यांची वजाबाकी करून, सोपं रूप दिल्यावर शून्य उरतं का, अशा धर्तीवर ते पाहिलं जातं. २(क्ष + ३) आणि २क्ष + ६ दोन्ही बरोबर ठरतात. यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे, विद्यार्थ्याच्या उत्तरावर तुम्ही स्वतः गणित करू शकता. त्यात किंमत घालून पाहता येते, त्याचा डेरिव्हेटिव्ह काढता येतो, त्याचा घात मोजता येतो. बहुभागी प्रश्नाचा सगळा खेळ यावर चालतो.

आता बांधणी. संगणक उघडण्याआधी कागदावर भागांची नावं लिहा आणि कुठला भाग कुठल्या भागाच्या उत्तरावर उभा आहे ते बाणांनी दाखवा. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि बहुतेक लोक नेमकं तेच टाळतात. मग प्रत्येक बाणाला एकच प्रश्न विचारा: आधीचं उत्तर चुकीचं आलं, तर पुढचा भाग गणित म्हणून शिल्लक राहतो का? काही बाणांवर राहतो, काहींवर राहत नाही. जिथे राहतो तिथे चूक पुढे वाहू द्यायची आणि पुढच्या कामाचे गुण द्यायचे. जिथे राहत नाही तिथे साखळी तोडायची. सगळीकडे एकच नियम लावला की प्रश्न बिघडतो.

एक प्रश्न जवळून पाहू. घातासाठी ^ हे चिन्ह वापरते, कारण विद्यार्थीही चौकटीत तसंच टंकतात.

फ(क्ष) = क्ष^३ − ४क्ष + १ हा वक्र घ्या. (अ) डेरिव्हेटिव्ह काढा. (आ) क्ष = २ असताना स्पर्शिकेचा चढ काढा. (इ) त्या बिंदूतल्या स्पर्शिकेचं समीकरण लिहा. (ई) ही स्पर्शिका वक्राला आणखी कुठे छेदते?

बरोबर उत्तरं अशी: ३क्ष^२ − ४, चढ ८, य = ८क्ष − १५, आणि क्ष = −४.

आता नेहमीची एक चूक घ्या. डेरिव्हेटिव्ह घेताना ४क्ष मधला क्ष तसाच राहतो आणि विद्यार्थी ३क्ष^२ − ४क्ष लिहितो. मग (आ) मध्ये त्याचा चढ १२ − ८, म्हणजे ४ येतो. हा आकडा चुकीचा आहे, पण त्याच्या स्वतःच्या (अ) मध्ये २ घालण्याचं काम त्याने नीट केलंय. (इ) मध्ये तो य = ४क्ष − ७ लिहितो. ही रेषा (२, १) मधून जाते आणि तिचा चढ त्याच्या (आ) शी जुळतो. म्हणजे बिंदू आणि चढ दिल्यावर रेषा लिहिता येते हे त्याने दाखवून दिलं. कागदावर तपासताना आपण इथे गुण देतोच. संगणकानेही द्यायला हवेत.

म्हणून (आ) ची तपासणी माझ्या ८ शी तुलना करून थांबत नाही. आधी ८ आहे का ते पाहायचं. नसेल तर विद्यार्थ्याच्या (अ) मध्ये क्ष = २ घालून आलेल्या संख्येशी तुलना करायची. जुळली तर पूर्ण गुण आणि सोबत एक ओळ: "तुमच्या (अ) नुसार हा चढ बरोबर आहे, मात्र (अ) पुन्हा तपासा." मी पूर्ण गुण देते, काही सहकारी थोडे कापतात. माझ्या मते चुकीची किंमत (अ) मध्ये एकदा मोजून झालेली असते, तीच दुसऱ्यांदा का वसूल करायची?

(इ) मध्ये मी माझं उत्तर जवळपास वापरतच नाही. त्याऐवजी गुणधर्म तपासते. पहिला प्रश्न: राशी क्ष मध्ये एकघाती आहे का? दुसरा: क्ष = २ घातल्यावर १ येतो का? तिसरा: क्ष चा सहगुणक ८ आहे का, किंवा विद्यार्थ्याच्या (आ) इतका आहे का? बिंदूचा एक गुण, चढाचा एक गुण. असं केल्याने अभिप्रायही आपोआप नेमका होतो. "उत्तर चूक" यापेक्षा "तुमच्या रेषेचा चढ बरोबर आहे, पण ती (२, १) मधून जात नाही, क्ष = २ घालून पाहा" हे वाचून विद्यार्थी लगेच कामाला लागतो. स्टॅकमध्ये ही तपासणी झाडासारखी बांधली जाते. प्रत्येक गाठीवर एक प्रश्न असतो आणि हो-नाहीच्या दोन फांद्या निघतात. प्रत्येक फांदीला गुण आणि मजकूर जोडता येतो. झाडाला एकाहून जास्त चौकटींची उत्तरं वापरता येतात, म्हणून (इ) च्या झाडात (आ) चं उत्तर येऊ शकतं.

तपासणीत "किंवा" घातलाय त्याचं कारण सांगते. काही विद्यार्थी (आ) मध्ये ४ लिहितात, (इ) करताना चूक लक्षात येते आणि तिथे ८ वापरतात, पण मागे जाऊन (आ) दुरुस्त करत नाहीत. तपासणी फक्त त्यांच्या (आ) शी जुळवली तर बरोबर स्पर्शिकेला गुण नाकारले जातील. खरं उत्तर नेहमी आधी पाहायचं, वाहून आलेलं नंतर.

आता (ई) कडे या. इथे गंमत वेगळीच आहे. चुकीच्या चढाची रेषा य = ४क्ष − ७ वक्राशी जुळवली तर क्ष^३ − ८क्ष + ८ = ०, म्हणजे (क्ष − २)(क्ष^२ + २क्ष − ४) = ०. बाकीचे छेदनबिंदू −१ ± √५. एक नव्हे, दोन! कारण ही रेषा स्पर्शिकाच नाही, त्यामुळे २ हे मूळ दोनदा येत नाही. प्रश्नाने एका बिंदूसाठी एकच चौकट दिली आहे. विद्यार्थ्यापुढे वर्गमुळातली दोन उत्तरं आहेत आणि कुठलं लिहायचं ते त्याला कळत नाही. वेगळ्या चुकीत दुसरा छेदनबिंदू वास्तव संख्यांत अस्तित्वातच नसेल. या बाणावर चूक वाहू देण्यात अर्थ नाही, कारण पलीकडे प्रश्नच शिल्लक राहत नाही.

इथे मी साखळी तोडते. (ई) वेगळ्या पानावर स्वतंत्र प्रश्न म्हणून ठेवते आणि मूडलच्या चाचणीत मागच्या पानावर जाण्याची वाट बंद करते. त्या पानावर सरळ लिहिते: "क्ष = २ मधली स्पर्शिका य = ८क्ष − १५ आहे. ती वक्राला आणखी कुठे छेदते?" यात (इ) चं उत्तर उघड होतं हे खरं, पण तोपर्यंत (इ) चे गुण ठरलेले असतात. दोन वेगळे प्रश्न केले की प्रत्येकाच्या आकड्यांची निवड वेगळी होऊ शकते, एवढं मात्र ध्यानात ठेवा. म्हणून अशा वेळी पुढच्या पानावर वक्रही नव्याने द्यायचा, आधीच्याच आकड्यांचा आग्रह धरायचा नाही.

आता रिकाम्या चौकटीबद्दल. या चुकीने मला एकदा चांगलंच शिकवलं. स्टॅकमध्ये एखादं झाड ज्या चौकटींवर अवलंबून आहे, त्या सगळ्या भरलेल्या आणि वैध असल्याशिवाय ते झाड चालतच नाही. माझ्या सुरुवातीच्या एका प्रश्नात (इ) चं झाड (आ) वर अवलंबून होतं. काही विद्यार्थ्यांनी मनातल्या मनात चढ काढला, (आ) कोरा सोडला आणि (इ) मध्ये अगदी बरोबर समीकरण लिहिलं. त्यांना (इ) साठी शून्य मिळालं. प्रणालीच्या दृष्टीने तो भाग तपासलाच गेला नव्हता. मला हे कळलं ते एका मुलीने शांतपणे विचारलं तेव्हा: "मॅडम, माझी स्पर्शिका बरोबर आहे ना?" झाड दुरुस्त करून सगळ्यांचे गुण पुन्हा मोजावे लागले. उपाय सोपा आहे. आधीच्या चौकटीला कोरी राहण्याची मुभा देणारा पर्याय स्टॅकमध्ये आहे, तो लावा. मग झाडात पहिल्यांदा खरं उत्तर तपासा आणि वाहून आलेल्या चुकीच्या फांदीकडे जाण्याआधी ती चौकट कोरी आहे का ते पाहा. नंबास वापरत असाल तरी आधीचा भाग सोडवलेला असणं सक्तीचं आहे की नाही, हा पर्याय तिथे मुद्दाम डोळ्यांखालून घाला.

(इ) च्या चौकटीबद्दल आणखी एक छोटी गोष्ट. चौकटीच्या आधी "य =" छापलेलं असलं तरी बरेच जण आत पुन्हा "य = ८क्ष − १५" असं पूर्ण समीकरण टंकतात. राशी अपेक्षित असताना समीकरण आलं की तुलना फसते. त्यांना गणित येतं, फक्त दोनदा लिहिलंय. तपासणीच्या आधी, आलेलं उत्तर समीकरण असेल तर त्याची उजवी बाजू काढून घ्या. एका ओळीचं काम आहे. टंकण्याच्या इतर चुकांची काळजी स्टॅक बऱ्यापैकी घेतं. उत्तर टंकल्यावर ते कसं वाचलं गेलं हे विद्यार्थ्याला दाखवलं जातं आणि कंस अर्धवट राहिला तर गुण न कापता तसं सांगितलं जातं. फक्त गुणाकाराचं चिन्ह गाळलं तर काय करायचं ते आधी ठरवा आणि सगळ्या प्रश्नांत तसंच ठेवा. एका प्रश्नात ८क्ष चालतो आणि दुसऱ्यात मध्ये तारा लागतो, याने विद्यार्थी हैराण होतात.

आकडे बदलण्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण सर्वांत जास्त सदोष प्रश्न इथे जन्मतात.

पहिली सवय: आकडे उत्तराकडून मागे ठरवा. वर्गसमीकरण हवं असेल तर सहगुणक नशिबावर सोडू नका. मुळं निवडा आणि गुणाकार करून समीकरण तयार करा. पण एवढ्याने भागत नाही. आपलाच वक्र घ्या. समजा ४ च्या जागी प, १ च्या जागी र आणि २ च्या जागी ट ठेवले आणि तिन्ही मोकळे सोडले. पहिला दोष लगेच दिसतो: (ई) चं उत्तर नेहमी −२ट येतं. प आणि र काहीही असोत, त्यांचा त्यात वाटाच नाही. तिन्ही मुळांची बेरीज शून्य असते आणि ट दोनदा येतो, म्हणून. दोन विद्यार्थ्यांनी आपापले आकडे शेजारी ठेवले की तिसऱ्याला न सोडवता उत्तर मिळतं. वक्रात क्ष^२ चं पद घाला, त्याचा सहगुणक ब, की उत्तर −ब − २ट होतं. तेही सूत्रच आहे, पण नुसतं बघून सापडत नाही. ज्याला सापडेल त्याने मुळांची बेरीज ओळखलेली असेल, आणि त्याला गुण द्यायला माझी काहीच हरकत नाही.

दुसरा दोष जास्त घातक. ट = १ येऊ दिला तर काय होतं? आपली नेहमीची चूक आठवा, ३क्ष^२ − ४ ऐवजी ३क्ष^२ − ४क्ष. क्ष = १ घातल्यावर दोन्हींतून −१ येतो. चुकीच्या रीतीने बरोबर चढ! त्या विद्यार्थ्याला (आ) आणि (इ) चे पूर्ण गुण मिळतात, आणि शेजारच्या ट = २ वाल्याला तीच चूक भोवते. हा अन्याय कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण गुण वाढल्याची तक्रार कुणी करत नाही. म्हणून तुम्हाला ठाऊक असलेली प्रत्येक नेहमीची चूक घ्या, त्या चुकीतून येणारं उत्तर खऱ्या उत्तराशी एकरूप होणार नाही असेच आकडे ठेवा. डेरिव्हेटिव्हऐवजी मूळ फ मध्येच किंमत घालणं ही दुसरी नेहमीची चूक. त्यासाठी फ(ट) आणि चढ वेगळे हवेत. आपल्या उदाहरणात ते १ आणि ८ आहेत, ठीक.

तिसरा दोष: ३ट = −ब झालं तर दुसरा छेदनबिंदू स्पर्शबिंदूवरच येऊन बसतो. "आणखी कुठे" या प्रश्नाला उत्तरच उरत नाही. ब शून्य ठेवला असेल तर ट = ० ला हेच घडतं.

एवढ्या अटी झाल्यावर मोकळे यादृच्छिक आकडे काढून अट मोडली तर पुन्हा काढायचे, असं चक्र लावण्याचा मोह होतो. मी तसं करत नाही. एका छोट्या प्रोग्रॅमने सगळे संच तपासून त्यांतले वीसेक चांगले निवडते, त्यांची यादी प्रश्नात ठेवते आणि यादीतला एक संच उचलायला सांगते. काय छापलं जाणार ते मला आधी दिसतं. स्टॅकमध्ये निवडलेल्या आवृत्त्या कायम करून ठेवता येतात, मग विद्यार्थ्यांना त्यांच्याबाहेरचं काही मिळतच नाही. वीस आवृत्त्या वर्गातली नक्कल रोखायला पुरतात. हजारोंची गरज नाही, कारण त्या कुणी वाचून पाहिलेल्या नसतात. प्रत्येक आवृत्ती पडद्यावर एकदा उघडून बघाच. "+ −४", "१क्ष", शून्य सहगुणकाचं पद, हे सगळं तिथेच सापडतं.

दशांशांची साखळी असेल तर आणखी एक पेच येतो. वर्तुळाचं क्षेत्रफळ ५० दिलंय. (अ) मध्ये त्रिज्या दोन दशांश स्थळांपर्यंत मागितली: ३.९९. (आ) मध्ये त्याच त्रिज्येच्या गोलाचं घनफळ. पूर्ण अचूक त्रिज्या घेतली तर २६५.९६ येतं, ३.९९ घेतली तर २६६.०८. सहिष्णुता, म्हणजे उत्तरात चालवून घ्यायचा फरक, ०.०१ ठेवलीत तर तुम्ही सांगितल्याप्रमाणे त्रिज्या लिहून तीच पुढे वापरणारा आज्ञाधारक विद्यार्थी नापास होतो. घन केल्यावर सापेक्ष चूक साधारण तिप्पट होते, हे धरून सहिष्णुता सापेक्ष ठेवा. इथे अर्धा टक्का ठेवला तर पुरेसा आहे. तरीही दोन जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी साखळीत असेल तर सहिष्णुता वाढवून भागत नाही, कारण उरलेल्या छोट्या फरकात पूर्णांकीकरणाची चूकच मोठी होऊन बसते. तिथे आकडेच बदला, किंवा (अ) चं उत्तर वर्गमूळ आणि पाय ठेवून अचूक रूपात मागा.

चाचणी कुठल्या पद्धतीने चालणार हे प्रश्न बांधण्याआधी ठरवा. मूडलमध्ये सरावासाठी अनुकूली रीत आहे. विद्यार्थी एक भाग भरतो, तपासतो, चूक कळली की सुधारतो आणि प्रत्येक चुकीच्या प्रयत्नाला थोडा दंड बसतो. स्टॅकमध्ये हा दंड मुळात ०.१ असतो आणि भागानुसार वेगळा मोजला जातो, म्हणून (अ) मधल्या प्रयत्नांचा भुर्दंड (इ) ला पडत नाही. या रीतीत (अ) ची चूक (आ) कडे जाण्याआधीच दुरुस्त होते, त्यामुळे वाहून आलेल्या चुकीची यंत्रणा क्वचितच लागते. परीक्षेत मात्र अभिप्राय शेवटी मिळतो. विद्यार्थी अंधारात पुढे चाललेला असतो, तेव्हा ती यंत्रणा असलीच पाहिजे. तोच प्रश्न दोन्हीकडे वापरायचा असेल तर परीक्षेच्या हिशोबाने बांधा, सरावात तो आपोआप चालतो. उलट केलंत तर फसाल.

तुम्ही विचारलेलं नाही, पण एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. भाग पाडले की वाट दाखवली जाते. "डेरिव्हेटिव्ह काढा, चढ काढा, समीकरण लिहा" असं लिहिलं की स्पर्शिकेसाठी डेरिव्हेटिव्ह लागतो हे ओळखण्याचं काम आपणच करून टाकलं. नवशिक्यांना तो आधार हवाच. पण सत्राच्या शेवटीही प्रत्येक प्रश्न असाच तुकड्यांत दिला, तर मोकळा प्रश्न समोर आल्यावर सुरुवात कुठून करायची हे त्यांना सुचत नाही. मी पहिल्या आठवड्यात चार भाग ठेवते, नंतर दोन, शेवटी एकच चौकट: स्पर्शिकेचं समीकरण लिहा. नंबासमध्ये पायऱ्या झाकून ठेवता येतात. ज्याला हव्या असतील तो उघडतो, आणि त्यासाठी थोडे गुण कापायचे की नाही ते तुम्ही ठरवता. ही सोय मला फार आवडते.

तपासणी झाडाला चाचणी-उत्तरं जोडण्याची जागा स्टॅकमध्ये असते. तिथे निदान हे पाच संच भरल्याशिवाय मी कुठलाही प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवत नाही: सगळं बरोबर, (अ) चूक पण पुढे सुसंगत, (आ) कोरा पण (इ) बरोबर, (आ) चूक पण (इ) मध्ये सुधारलेलं, आणि (इ) मध्ये चढ बरोबर, बिंदू चूक. प्रत्येकाला किती गुण मिळायला हवेत ते आधी कागदावर लिहा, मग यंत्र काय देतं ते पाहा. पुढे सहा महिन्यांनी झाडात एखादी गाठ बदललीत तर हे संच पुन्हा चालवता येतात आणि काय मोडलं ते एका नजरेत दिसतं.

विद्यार्थी करू शकतील अशा सगळ्या चुका पहिल्याच फेरीत हेरायच्या मागे लागू नका. खरं उत्तर, वाहून आलेलं उत्तर आणि पक्क्या ठाऊक असलेल्या एक-दोन चुका एवढ्यावर प्रश्न सुरू करा. चाचणी झाल्यावर आलेली उत्तरं उघडा आणि कुठल्याच फांदीत न बसलेली एका जागी जमवा. माझ्या एका स्पर्शिकेच्या प्रश्नात असं करताना य = (३क्ष^२ − ४)क्ष − १५ या साच्याची उत्तरं पुन्हापुन्हा दिसली. चढाच्या जागी संख्या घालायची सोडून पूर्ण डेरिव्हेटिव्हच बसवलेला होता. माझ्या एकघाती तपासणीने ती चूक ठरवली होती, पण मजकूर फक्त "ही सरळ रेषा नाही" एवढाच होता. आता त्या गाठीखाली एक फांदी वाढवली आहे. तीत विद्यार्थ्याच्या राशीचा घात ३ आला तर त्याला विचारलं जातं: "क्ष = २ या एका बिंदूतला चढ ही संख्या असेल की राशी? तुमच्या (आ) मध्ये काय आलं होतं?"

तुमच्या क्लोझमधल्या प्रश्नाचे भाग आणि त्यांच्यातले बाण कागदावर काढून मला पाठवा. कुठला बाण तोडायचा ते ठरलं की झाड बांधायला आपल्याला तासभर पुरेल.